ओट्यावरचे व्याकरण

गेल्या पावसाळ्यात पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीस जाण्याचा योग आला. १९७५ नंतर या दुष्काळी गावाने पाणी कसे अडवले, ते पाहावे म्हणून गेलो. आणि अडकलो एका शब्दात!

यादवबाबांच्या देवळाच्या ओट्यावर एक म्हातारबुवा सांगत होते, "बांध घातले, अन् पानी मुरलं. मग बाजरी नि कांदा पिकला." थांबून बोलले तेव्हा 'अन्', एका दमात बोलले तेव्हा 'नि'. 'आणि' मात्र एकदाही नाही!

मला स्पॅनिश भाषा आठवली. तिथे 'आणि'ला 'इ' म्हणतात. पण पुढचा शब्द 'इ'ने सुरू झाला की त्याचा 'ए' होतो. 'किंवा'साठी असलेला 'ओ' दुसऱ्या 'ओ'पुढे 'उ' होतो : 'सात किंवा आठ' म्हणजे 'सिएते उ ओचो'. जिभेची सोय तिथे व्याकरणाचा नियम झाली आहे. आणि इकडे मी? वीस वर्षे तिच्यावर तांबडी रेघ ओढत आलो!

परतताना एस. टी.त वह्या तपासायला काढल्या. एका पोराने लिहिले होते, 'आई नि मी'. पेनाचे टोपण उघडले होते. ते मुकाट्याने पुन्हा लावले.