सात किलोंची झोळी

दिल्लीला माझी थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. आमची दीड वर्षांची धाकटी तिने अजून पाहिली नव्हती. रजा चारच दिवसांची. पुण्याहून विमानावाचून गत्यंतर नव्हते.

हातपिशवी मी भरतो, असे मी जाहीर केले. समास शिकवणाऱ्याला सात किलोंत संसार बसवणे काय अवघड? देशांतर्गत प्रवासात हाती बहुधा तेवढेच नेऊ देतात, आणि दोन वर्षांखालचे मूल मांडीवरच बसते. डायपर, दुपटे, कपड्यांचे दोन जोड, राजगिऱ्याचे लाडू, चित्रांचे पुस्तक, सारे कसे चापूनचोपून! पाण्याची बाटली तेवढी तळाशी गेली, आणि पिशवी डोक्यावरच्या कप्प्यात.

विमान उतरू लागले. आतला दाब वाढू लागतो तसे कानाचे पडदे आत ओढले जातात; काही गिळले की कानाची नळी उघडून दाब सारखा होतो. आपण आवंढा गिळतो. पोरीला ते कोण सांगणार? तिने टाहो फोडला. पट्टे बांधायचा दिवा लागलेला, उठायची सोय नाही. सौ.ने मुकाट्याने आपल्या पर्समधून छोटी बाटली काढली. चार घोट गेले आणि पोर शांत झाली.

"अहो, तुम्ही आपले समासच शिकवा," ती म्हणाली.

आक्काच्या उशाशी पोरीला बसवले, तेव्हा तिच्या पापण्या ओल्याच होत्या. आक्का क्षीण हसली, "अगं, माझ्यासाठी रडत आलीस होय?"

परतीची पिशवी सौ.ने भरली. बाटली सर्वांत वर, आणि पिशवी समोरच्या आसनाखाली.