फुकटे

वहिनींनी बॅगेतून ते पाकीट काढलं तेव्हा मला वाटलं, नेहमीसारखे बदाम असणार. अमेरिकेतल्या एडिसनहून येणारी आमची माणसं कित्येक वर्षं बदाम आणतात आणि आम्ही 'अहो, इथे मिळतात आता' असं म्हणत ते ठेवून घेतो. पण पाकीट चपटं होतं. दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, मार्चमध्ये गेला. वहिनी पहिल्यांदाच एकट्या आल्या होत्या.

"कपाट आवरताना निघालं," त्या म्हणाल्या. "ह्याचं काय करायचं ते तुम्हालाच कळेल, भाऊजी."

आत पाच कॉमिक्स. प्रत्येक वेगळ्या पारदर्शक पिशवीत, पाठीला पांढरा पुठ्ठा, पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद. एक्स-मेन, अंक पहिला, १९९१. पाचांच्या आत गोष्ट एकच, मुखपृष्ठं तेवढी निराळी. मी एका पिशवीची चिकटपट्टी नखाने उचकटली आणि वास आला. पावसाळा संपल्यावर घडी घालून ठेवलेल्या रेनकोटचा असतो तसा, किंचित आंबूस. तो पिशवीचा होता. कागदाला कसलाच वास नव्हता. चौतीस वर्षांचा कागद, आणि कुणाचा हात लागल्याची खूण नाही.

आमच्या इंद्रजाल कॉमिक्सला खोबरेल तेलाचा वास यायचा. वाड्यात एक अंक आला की तो ह्या बिऱ्हाडातून त्या बिऱ्हाडात असा फिरायचा की आठवड्यात त्याचे कोपरे गोल व्हायचे. कुणाच्या तरी अंकावर आमटीचा डाग, कुणाच्या तरी धाकट्याने वेताळाला काढलेल्या मिशा. पण पहिलं वाचन दादाचं, कारण विकत घेणारा तो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तो बसायचा, चौथीवर मी, त्याच्या खांद्यावरून वाचायला. त्याचा वेग माझ्यापेक्षा जास्त. "थांब, माझं व्हायचंय," हे वाक्य मी लहानपणी जितक्यांदा म्हटलं तितक्यांदा परवचा म्हटला नसेल. तो थांबायचा नाही. त्यामुळे वेताळाच्या कित्येक गोष्टींतली उजवीकडची शेवटची चौकट मला आजतागायत ठाऊक नाही. डेंकालीच्या जंगलात कितीतरी माणसं माझ्यापुरती अजून कड्याला लोंबकळत आहेत.

हे डेंकालीही आपल्याकडचं. मूळ अमेरिकी वेताळाचा देश बांगाला. इंद्रजालवाल्यांनी छापताना त्याचं डेंकाली केलं. हे दादाने मला नंतर पत्रातून कळवलं, जरा फसवलं गेल्याच्या सुरात.

तर १९७८ची मेची सुट्टी. तो पंधरा वर्षांचा, मी बारा. "सगळे एकत्र आले तर?" हा प्रश्न कुणी आधी काढला यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. मी काढला होता. वेताळ, मँड्रेक, लोथार आणि बहादूर एकाच गोष्टीत, एकाच शत्रूविरुद्ध. बहादूर तेव्हा ताजा होता. आबिद सुरतींनी तो १९७६मध्ये आणला होता, भगवा कुडता आणि जीन्स घालणारा, आणि आम्हाला तो वेताळापेक्षा जवळचा वाटायचा, कारण कुडता आमच्याकडेही होता. पाचवा म्हणून मी फास्टर फेणेचं नाव सुचवलं. फुरसुंगीचा पोरगा, सायकलने तासाभरात वाड्यात येऊ शकेल असा. दादा हसला. म्हणाला, "त्याला सायकलीशिवाय येतं काय?" मी म्हटलं, वेताळाला तरी घोड्याशिवाय काय येतं? हे त्याला लागलं. खरोखरच आमच्या त्या महाबली मंडळात मँड्रेकची नजरबंदी सोडली तर एकाकडेही कसली अचाट शक्ती नव्हती. दोन दिवस भांडण चाललं. शेवटी फेणेला एका पानापुरता घेतला. त्या पानावर तो निरोप पोचवतो आणि जातो.

आम्हाला वाटलं होतं की जगात हे पहिल्यांदाच घडतंय. प्रत्यक्षात अमेरिकेत १९६०मध्ये डीसी ह्या कॉमिक्स कंपनीने सुपरमॅन, बॅटमॅन वगैरे मंडळी 'जस्टिस लीग' म्हणून एका कळपात आणली होती आणि ती खपली. तिकडच्या दंतकथेनुसार डीसीच्या एका मालकाने गोल्फ खेळताना खपाची बढाई मारली, ती मार्व्हलच्या मार्टिन गुडमनने ऐकली आणि आपल्या संपादकाला, स्टॅन लीला, सांगितलं की आपणही एक टोळी काढू. गोल्फचं खरंखोटं देव जाणे, पण १९६१मध्ये 'फँटॅस्टिक फोर' आलं हे खरं. म्हणजे मार्व्हलच्या टोळ्यांचा जन्मच मुळी 'त्यांचं खपतंय' ह्या वाक्यातून झाला. एक्स-मेन १९६३चे. ते मात्र इतके बेताचे खपत की १९७०पासून पाच वर्षं त्या अंकांत जुन्याच गोष्टी पुन्हा छापत होते. मग १९७५मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉकरम यांनी नवी टोळी जमवली. परदेशातही विक्री व्हावी म्हणून देशोदेशीची माणसं घ्यायची असा विचार होता: केनियाची, जर्मनीचा, रशियाचा, जपानचा, कॅनडाचा, आयर्लंडचा. भारताचा एकही नाही. कुठे खपणार नाही याचाही अंदाज त्यांनी बांधला असणार.

खपाचा अंदाज दादानेही बांधला होता, आणि माझं घोडं नेहमी तिथेच येऊन अडतं.

शंभरपानी वही, मागचं पान. पेन्सिलीने मधोमध उभी रेघ. डावीकडे 'घेणारे', उजवीकडे 'फुकटे'. किंमत दहा पैसे. वाड्यात अकरा बिऱ्हाडं, वाचता येणारी मुलं तेवीस. दादाने एकेकाचं नाव घेऊन विचार केला. ह्याची आई पैसे देते का, हा उधारी बुडवतो का, ही मुलगी आपल्या मोठ्या बहिणीच्या हातातलंच वाचेल का. आजही मला ती त्याची सर्वांत हुशार करामत वाटते. पुढे तो न्यू जर्सीत कसल्या कसल्या मागण्यांचे अंदाज बांधून पगार मिळवायचा, त्याची मुंज त्या पायरीवर लागली. शेवटी डावीकडे सतरा नावं झाली, उजवीकडे सहा. उजवीकडचं पहिलं नाव माझं.

मी म्हटलं, अरे, गोष्ट मी लिहिलीय. तो म्हणाला, "लिहिलीस रे. पण तू कधी घेतलंयस का?"

नव्हतं घेतलं. एकही नाही. आमच्या वडिलांचं म्हणणं, वाचायचं तर ग्रंथालय आहे. ग्रंथालयाचं म्हणणं, चित्रांची पुस्तकं आम्ही ठेवत नाही. मी वाचलेला प्रत्येक अंक दादाचा होता. त्याचं वर्गीकरण चोख होतं, म्हणूनच मला ते अजून सलतं. चुकीचा आरोप विसरता येतो. शिवाय अक्षर. बाकीची नावं त्याने भराभर खरडली होती, माझं मात्र नीट वळणदार काढलं होतं.

छपाई कार्बनपेपरवर. काकांच्या कचेरीतून आलेले वापरलेले, निळे. एका दाबात चार प्रती, आणि चौथीत वेताळ खरोखरच भुतासारखा दिसायचा. सतरा प्रतींसाठी पाच वेळा सगळं काढायचं होतं. पहिल्याच फेरीला आमची बोटं दुखायला लागली आणि आंबे आले. चार प्रतींवर काम थांबलं. त्यातली एक विकली गेली. वरच्या मजल्यावर एक नोकरदार गृहस्थ एकटे राहायचे, त्यांनी चार आणे दिले आणि उरलेले परत मागितले नाहीत. आठ दिवसांनी त्यांच्या खिडकीत आमचा अंक दिसला, वर चहाचा ग्लास. बाकीच्या तीन प्रती वाड्याने फिरवून फिरवून वाचल्या. दादाने त्याच पानाखाली हिशेब लिहिला: विक्री १, वाचले २१. त्या एकवीसमध्ये घेणारे ते गृहस्थ नव्हते.

दादा १९८५मध्ये एम. एस. करायला गेला. दोन वर्षांनी त्याचं निळं एअरोग्राम आलं, पहिलीच ओळ: आपली कल्पना चोरली. 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' नावाची कार्टून मालिका तिकडे १९८६मध्ये आली होती. वेताळ, मँड्रेक, लोथार आणि फ्लॅश गॉर्डन एकत्र, काळ २०१५ सालचा, शत्रू परग्रहावरचा मिंग. पासष्ट भाग निघाले. मार्व्हलने त्यावर कॉमिक्सही काढलं, पहिला अंक तर खुद्द स्टॅन लीने लिहिला, आणि चार अंकांत ते बंद पडलं. चार! आमच्याही चारच प्रती निघाल्या होत्या, आणि दादाने हे पत्रात दोनदा अधोरेखित केलं होतं. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आला. बहादूर कुठे होता? दादाने पुढच्या पत्रात समजावलं की वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन हे सगळे किंग फीचर्सच्या मालकीचे, म्हणून एका गाडीत बसू शकले. बहादूर इंद्रजाल छापणाऱ्या टाइम्सवाल्यांचा, त्याला कोण घेणार. मला हे पटलं आणि राग गेला नाही. माझी अजून समजूत आहे की बहादूर असता तर पाचवा अंक निघाला असता.

इंद्रजाल १९९०मध्ये बंद झालं. आठशेहून अधिक अंक निघाले होते. त्याच्या पुढल्या वर्षी दादाने हे पाच घेतले.

तेव्हा त्याचा फोन आला होता, रविवारी सकाळी, तिकडचे दर कमी असताना. ख्रिस क्लेअरमाँटने लिहिलेला, जिम लीने काढलेला नवा पहिला अंक. चार मुखपृष्ठं दीड दीड डॉलरची, शेजारी शेजारी ठेवली की एक सलग चित्र होतं. पाचवं तीन डॉलर पंच्याण्णव सेंटचं, त्यात तेच चित्र घडी उलगडून दिसतं. एक्क्याऐंशी लाखांवर प्रती खपल्या. पुढे गिनीजमध्येही नोंद झाली. दादाच्या आवाजात मेच्या सुट्टीतला उत्साह होता. मी विचारलं, गोष्ट काय आहे? तो म्हणाला, अरे, पिशवी फोडली तर किंमत जाते.

त्या एक्क्याऐंशी लाखांचा अर्थ त्यानेच मला काही वर्षांनी सांगितला, ओशाळून. कॉमिक्सची खास दुकानं अंक महिना-दोन महिने आधी मागवतात, आणि न खपलेले परत घेतले जात नाहीत. तेव्हा खप म्हणजे दुकानदारांनी मागवलेल्या प्रती. त्या गिऱ्हाइकाकडे गेल्या की गोदामात, ते आकड्यात येत नाही. आणि गिऱ्हाइकाकडे गेल्या त्या अशा: एकाच माणसाने पाच, आणखी एकाने दहा, सगळे म्हातारपणाची सोय म्हणून. लाखोंनी जपलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? फुगा फुटला, दुकानं बंद पडत गेली, १९९६च्या डिसेंबरात मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. दादाचे पाच अंक कपाटात तसेच राहिले. आमच्या वाड्याच्या हिशेबाने मांडायचं तर विक्री ५, वाचले शून्य. हे मी त्याला कधी म्हटलं नाही. जिभेवर मात्र कितीदा तरी आलं होतं.

"दर बुधवारी जायचे," वहिनी सांगत होत्या. "त्या दुकानात अजून तिघं होते ह्यांच्याच वयाचे. एक निवृत्त पोस्टमन. नवीन कुठली टोळी येतेय, चालेल का नाही, किती अंक टिकेल, ह्यावर दोन-दोन तास. मी गाडीत बसून असायची. एकदा विचारलं, अहो, आणता ते वाचता कधी? तर म्हणाले, वाचायला काय, कधीही वाचता येतं." मग जरा थांबून, "आजाराच्या दिवसांतही तो पोस्टमन फोन करायचा. चार पात्रांची नावं घ्यायचा, आणि हे तिकडून म्हणायचे, सहा अंक. सहाव्याला बंद. एवढंच."

मी फोनवर बघितलं. आज हे अंक घ्यायचे तर थोड्या डॉलरांत मिळतात. वहिनींनी विचारलं नाही. आम्ही ती चार मुखपृष्ठं फरशीवर ओळीने लावली, कुठलं कुठे येतं याचा घोळ घालत. त्यांनी विचारलं, हा पंजेवाला कोण, ही पांढऱ्या केसांची कोण. पांढऱ्या केसांची केनियाची, एवढं मला पत्रांमुळे ठाऊक होतं.

"ह्यात आपलं कुणी नाही?"

"नाही."

मी मनात बेरीज केली. चार दीडके सहा आणि तीन पंच्याण्णव, नऊ डॉलर पंच्याण्णव सेंट. त्या जुलैत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं होतं, डॉलर पंचविशी ओलांडून गेला होता. म्हणजे अडीचशेच्या आसपास. मी खिशातल्या पाकिटाकडे हात नेला. वहिनी म्हणाल्या, "काय करताय?" मी म्हटलं, काही नाही. हे त्यांना कसं सांगणार? आणि सांगितलं असतं तरी त्यांनी घेतले नसते.

त्यांनी फोडलेल्या पिशवीतला अंक बाहेर ओढला, चष्मा लावला आणि पहिलं पान उलटलं. मी खुर्चीत होतो, त्या खाली चटईवर. तिथून त्यांच्या खांद्यावरून पान अर्धंच दिसत होतं, म्हणून मी पुढे वाकलो. त्या सावकाश वाचत होत्या, बोट ठेवून, एकेक फुगा. उजवीकडच्या शेवटच्या चौकटीवर बोट थांबलं.

"तुमचं झालं का?" त्यांनी विचारलं.