पूल, पाणी आणि व्हेक्टर

मित्रांनो, आमच्या प्रोजेक्टचा विषय ऐकून अर्धं हॉस्टेल हसलं. मोबाईलवर एक पूल आणि त्याखाली पाणी. बस्स, एवढंच! पण माझा रूमपार्टनर भामरागडकडचा. 2019 च्या पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क वारंवार तुटला होता. त्याचं म्हणणं साधं होतं, "आकडा सांगून आजीला काय कळणार बे? पाणी कुठवर आलं ते दिसलं पाहिजे. आणि ॲप हलकं पाहिजे, गावात रेंज कुठे आहे?"

हलकं म्हटलं की व्हेक्टर आलंच. फोटो म्हणजे ठिपके. लहान-मोठ्या स्क्रीनसाठी त्याच्या वेगवेगळ्या प्रती ठेवाव्या लागतात. व्हेक्टर म्हणजे सूचना : इथून निघ, तिथे वळ, हा रंग भर. इंकस्केपमध्ये पूल काढून एसव्हीजी फाईल केली. अँड्रॉइड स्टुडिओने तिचं व्हेक्टर ड्रॉएबल करून दिलं. अँड्रॉइडमध्ये ही सोय 2014 च्या 5.0 आवृत्तीपासून आहे.

या रूपांतरात अक्षरं मात्र गळतात, कारण व्हेक्टर ड्रॉएबलला फक्त रेषा कळते. 'पूल बंद' ही पाटी रेषांत बदलता आली असती. पार्टनर म्हणाला, "शब्द बाहेरच ठेव. आज मराठी, उद्या माडिया. सिरोंच्याला तेलुगूही लागेल." पटलं. शब्द वेगळ्या फाईलमध्ये, चित्र सगळ्यांना एकच.

आता लाट. एका आकाराचा दुसरा आकार करायचा तर दोन्हींत सूचना त्याच क्रमाने आणि तेवढ्याच लागतात. गॅदरिंगमधल्या रेला नाचासारखंच हे! दहा जणांच्या रिंगणात अकरावा घुसला की सगळं विस्कटतं. इथे तर ॲपच बंद पडतं.

खरा वाद पुढेच झाला. ॲप उघडल्यावर पाणी तळापासून झुळझुळ चढत यावं, असं ग्रुपमधल्या सगळ्यांना वाटत होतं. दिसायला झकास! पार्टनर एकटा अडला. "पहिल्या क्षणाला पूल मोकळा दिसतो ना? तेवढंच बघून कुणी गाडी घातली तर?" रूममध्ये शांतता.

शेवटी ठरलं : शेवटची नोंद असेल त्याच पातळीवर पाणी उघडेल, खाली नोंदीची वेळ दिसेल, आणि हलेल फक्त लाट.

तेव्हा मित्रांनो, चित्र हलवा, जरूर हलवा. पण पुलाच्या अलीकडे पावसात उभ्या माणसाला त्यातून काय कळेल, हे आधी विचारा.