गोलरक्षक

खेळाच्या जमाखर्चात गोलरक्षकाच्या वाट्याला जमेची बाजू फारशी येत नाही. आघाडीच्या खेळाडूने दहा संधी दवडल्या आणि अकराव्या वेळी चेंडू जाळ्यात धाडला, तर ती एकच नोंद त्याचे नाव अजरामर करते. गोलरक्षकाने दहा फटके अडवले आणि अकरावा निसटला, तर नोंद होते ती त्या अकराव्याची. अडवलेल्या चेंडूला गुणफलकावर जागा नसते. बारा फूट रुंद आणि सात फूट उंच चौकटीपुढे उभे राहणाऱ्याचे सारे कर्तृत्व 'जे घडले नाही' त्यात साठलेले असते, आणि न घडलेल्या गोष्टींचा इतिहास कोणी लिहीत नाही.

दिल्लीत इंडिया गेटपलीकडच्या हॉकी स्टेडियमजवळून जाताना हा हिशेब मला हटकून आठवतो. इंग्रजी अमदानीत 'आयर्विन ॲम्फिथिएटर' म्हणून उभारलेली, १९५१ चे पहिले आशियाई खेळ पाहिलेली ही वास्तू २००२ पासून मेजर ध्यानचंदांचे नाव मिरवते. ते योग्यच आहे. पण याच मैदानाने एका गोलरक्षकाचे आयुष्यही मोडताना पाहिले आहे.

१ डिसेंबर १९८२. नवव्या आशियाई खेळांतील हॉकीचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. पहिला गोल भारताचा होता. सामना संपला तेव्हा गुणफलक १-७ असा होता. गोलमध्ये मीर रंजन नेगी होते. बचावफळी उघडी पडली होती, आघाडी निष्प्रभ ठरली होती. तरीही अकरा जणांचा पराभव एकाच्या नावावर जमा झाला. लाच घेतल्याचा संशय, देशद्रोहाचा शिक्का — कधीच सिद्ध न झालेले हे सारे त्यांच्या माथी आले आणि त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द जवळजवळ तिथेच थांबली. त्याच खेळांत पुण्याच्या एलायझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक मिळवले होते, हेही लोक विसरले. अपमानाची स्मृती अभिमानाच्या स्मृतीहून चिवट असते, हेच खरे.

वस्तुतः गोलरक्षकाचा गौरव आपल्याला अपरिचित नव्हता. महूचे शंकर लक्ष्मण हे मराठा लाइट इन्फंट्रीचे सैनिक. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांत ते पाकिस्तानविरुद्ध उभे राहिले, आणि तिन्ही मिळून त्यांच्यावर गोल झाला तो अवघा एक. मेलबर्न आणि टोकियो येथे भारत १-० ने जिंकला. रोममध्ये त्या एका गोलाने १९२८ पासूनची सुवर्णपरंपरा खंडित केली. १९६६ मध्ये बँकॉकला कर्णधार म्हणून त्यांनी आशियाई सुवर्ण आणले. २००६ मध्ये महू येथे, हलाखीत, गँगरीनने त्यांचा अंत झाला. ज्या पायांनी देशाचे गोल राखले, त्या पायांची राखण करायला मात्र कोणी नव्हते.

१९६६ नंतरचे आशियाई सुवर्ण आले ते १९९८ मध्ये, पुन्हा बँकॉकलाच. दोहोंच्या बरोबर मध्यावर, सोळा-सोळा वर्षांच्या अंतरावर, दिल्लीतील ती संध्याकाळ उभी आहे. दक्षिण कोरियाविरुद्धचा तो अंतिम सामना टायब्रेकरपर्यंत गेला आणि आशिष बल्लाळ यांनी फटके अडवून तो जिंकून दिला. त्या संघाच्या गोलरक्षकांना घडवणारे प्रशिक्षक होते मीर रंजन नेगी. स्वतःच्या बचावासाठी त्यांना जे शब्द सापडले नसतील, ते दुसऱ्याच्या हातांनी बोलले.

२०२१ मध्ये टोकियोत अखेरच्या क्षणी पेनल्टी कॉर्नर अडवून श्रीजेश गोलाच्या चौकटीवर चढून बसले, तेव्हा न झालेल्या गोलाचा देशाने उत्सव केला. हिशेबाची रीत थोडी बदलली म्हणायची. पण गोलरक्षकाची खरी परीक्षा चेंडू अडवण्यात नसते. जाळ्यात गेलेला चेंडू स्वतःच्या हाताने बाहेर काढून द्यायचा आणि पुन्हा त्याच चौकटीपुढे, तितक्याच सावधपणे उभे राहायचे, ही ती परीक्षा. नेगी सोळा वर्षांनी तिच्यात उत्तीर्ण झाले. आपण, पाहणारे, त्यांच्या वेळी नापास झालो होतो, ही नोंदही कुठेतरी व्हायला हवी.