सहाव्या चॅनलवरची गर्दी

चंडीगड, सेक्टर २२. रात्रीचे अकरा.

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल तिसऱ्यांदा गोठला. तिकडे सांगलीत ती थिजलेली, हातात भाकरीचा उंडा. राउटर दोनदा बंद-चालू केला. आपल्याला तेवढंच येतं. सिग्नल तुटल्याचा, एलओएसचा लाल दिवा लागला नव्हता, म्हणजे फायबर शाबूत. वायर थेट लॅपटॉपला जोडली तर नेट सुसाट. दुखणं घरातलंच, हवेतलं.

फोनवर आसपासची नेटवर्कं मोजली. एकोणीस! त्यातली बहुतेक सहाव्या चॅनलवर. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. चंडीगडचा आराखडा करणाऱ्या ल कार्बुझिएनं ८०० बाय १२०० मीटरचे सेक्टर आखून माणसं ऐसपैस बसवली; ही न दिसणारी गर्दी त्याच्या नकाशात कुठून असणार? राउटरचं सेटिंगचं पान, १९२.१६८.१.१, उघडून तो अकराव्या चॅनलवर नेला. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण घराच्या नऊ इंची विटांच्या भिंतींपुढे ते हात टेकतं. शेवटी राउटर लोखंडी कपाटामागून काढून उंच फळीवर ठेवला. कपाटामागे तो ठेवला कोणी? मीच.

पुन्हा कॉल लावला.

"आता हलतोयस बघ," आई म्हणाली. तिच्या भाकऱ्या केव्हाच उरकल्या होत्या.