अतिदक्षता विभागातील स्क्रीनची मांडणी

अतिदक्षता विभागातील रुग्णाची माहिती मॉनिटर, व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप, प्रयोगशाळा आणि परिचारिकेच्या नोंदी अशा अनेक ठिकाणांहून गोळा होते. ती जिथून आली त्यानुसार वेगवेगळ्या स्क्रीनवर विभागली जाते. रुग्णाजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरांचे प्रश्न मात्र अवयवांचे असतात: रक्ताभिसरण सावरते आहे का, फुप्फुसे कितपत काम करतात, मूत्रपिंडे थकत आहेत का?

प्रस्तुत लेखिकेने परिचारिका म्हणून हा फरक जवळून अनुभवला. सेप्सिसच्या एका रुग्णाचा सरासरी रक्तदाब रात्रभर ६५ मिमी पाऱ्याच्या आसपास होता. व्हायटल्सची स्क्रीन पाहणाऱ्याला तो स्थिर वाटे. प्रत्यक्षात तोच दाब टिकवण्यासाठी नॉरअ‍ॅड्रेनलिनचा डोस वाढवावा लागत होता, लघवी घटत होती आणि लॅक्टेट चढत होते. हँडओव्हरच्या वेळी हे सगळे आकडे तासांनुसार एका कागदावर एकाखाली एक लिहिले, तेव्हा रुग्ण खालावत असल्याचे डॉक्टरांना पाहताक्षणी समजले.

चांगल्या मांडणीचा पहिला नियम यातूनच निघतो. रक्तदाब आणि तो टिकवणाऱ्या औषधाचा डोस एकाच कालरेषेवर दिसले पाहिजेत. दुसरा नियम बदलाच्या दिशेचा. मूत्रपिंडांचे काम दर्शवणारे क्रिएटिनिन २.१ आहे एवढे कळणे पुरेसे नाही. काल ते १.२ होते की ३, यावर उपचार ठरतात. एडवर्ड टफ्टी आणि सेथ पाउस्नर यांनी १९९४ साली ‘लॅन्सेट’मध्ये रुग्णाची स्थिती छोट्या आलेखांतून एका पानावर मांडण्याची पद्धत सुचवली होती. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ‘अवेअर’ प्रणालीत माहिती अवयवसंस्थांनुसार रचली गेली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात तिच्यामुळे वापरणाऱ्यांवरचा ताण आणि त्यांच्या चुका दोन्ही कमी झालेल्या आढळल्या.

तिसरा नियम रंगांचा. लाल रंग तातडीच्या धोक्यासाठी राखून ठेवावा. तो सर्वत्र वापरला की नजर त्याला सरावते. लाल-हिरव्यातला भेद न दिसणाऱ्यांसाठी रंगासोबत खूण किंवा शब्दही हवा. प्रत्येक आकड्याशेजारी त्याची वेळ असावी, कारण सहा तासांपूर्वीचे पोटॅशियम आत्ताचे समजून घेतलेला निर्णय घातक ठरू शकतो.

अशा स्क्रीनची चाचणी बैठकीच्या खोलीत पुरी होत नाही. रात्रपाळीच्या अखेरीस, अलार्म वाजत असताना, थकलेल्या परिचारिकेला आणि निवासी डॉक्टरला रुग्णातला बदल शोधावा न लागता दिसला, तरच ती मांडणी वापरण्यायोग्य ठरते.