फोर व्हील लागेना!

धारवाडच्या पश्चिमेला लाल माती, पूर्वेला नवलगुंदकडे काळी. ही काळी माती भिजली की साध्या पिकअपची मागची चाकं जागीच फिरतात. म्हणून आमच्या भाच्यानं फोर बाय फोर घेतली. गेल्या श्रावणात तोडलेला मूग रानात, वर आभाळ भरलेलं, आणि फोर व्हील लागेना! बटण फिरवलं की दिवा नुसता लुकलुकायचा. एका गॅरेजवाल्यानं फोनवरच सांगितलं, ट्रान्सफर केस उघडावी लागेल, आठ दिवस.

सप्तापुरातले आमचे जुने मिस्त्री म्हणाले, "साहेब, आधी ताकद कुठवर पोचते ते बघू." फ्यूज ठीक होता. मग गाडी हळू पुढं घ्यायला लावून ते खाली वाकले. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट फिरत होता, म्हणजे ट्रान्सफर केस चांगली. या गाडीत पुढची चाकं शाफ्टला जोडायचं काम व्हॅक्यूमवर होतं. इंजिन चालू ठेवून पुढच्या ॲक्सलजवळची बारीक नळी काढली, तोंडाला अंगठा लावला. ओढच नाही! माग काढत गेले, तर बॉनेटखाली नळी उंदरानं कुरतडलेली. वीतभर नळी, ६० रुपये. दिवेलागणीआधी मूग घरात!

बँकेत ट्रायल बॅलन्स जुळेना की आम्हीही आधी कुठवर जुळतंय ते बघायचो, सगळी लेजरं उघडत नसू.

अशी गाडी असेल तर महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर व्हील लावून बघा. कोरड्या डांबरावर मात्र नको. वळताना पुढची-मागची चाकं सारखी फिरत नाहीत, शाफ्टवर ताण येतो. आणि हो, पावसाळ्याआधी बॉनेट उघडून उंदरांचीही चौकशी करा!